बसप्पाअण्णांचा आवाज बसला त्या दिवशी

अर्ध्या माणसांनी काच उचलली आणि अर्ध्यांनी नाही.

झालं असं की साइट इंजिनीअर निखिलसर म्हणाले, “वन, टू, थ्री!” पुढच्या पाच जणांनी ‘थ्री’ कानावर पडताच उचललं. मागच्या पाच जणांच्या मते ‘थ्री’ म्हणून झाल्यावर उचलायचं असतं. तेवढ्यात पुढचं टोक वर गेलं, मागचं खालीच राहिलं आणि काचेतून बारीक करकर ऐकू आली.

“ठेवा! ठेवा! खाली ठेवा!” निखिलसर ओरडले.

काच परत टेकली. सगळे श्वास धरून तिच्याकडे बघत राहिले. फुटायची असती तर तेव्हाच फुटली असती. नाही फुटली. मी ट्रेलरच्या पायरीवर उभी होते, तिथंच बसले.

मी काचेचा ट्रेलर चालवते. फ्लॅटबेड ट्रेलर म्हणजे बाजूला फळ्या नाहीत, वर छप्पर नाही, नुसता लांब लोखंडी पाट आणि त्याखाली चाकं. त्या पाटावर घोडी उभी करतात. घोडी म्हणजे इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट. तिच्या दोन्ही अंगांना काचा टेकवायच्या, खाली रबर घालायचं, वरून पट्टे आवळायचे. काच आडवी कधी न्यायची नाही. आडवी काच खड्ड्यात स्वतःच्याच वजनानं जाते. उभी काच सगळं बेंगळूर सहन करते. दोन्ही अंगांचं वजन सारखं लागतं, नाहीतर वळणावर घोडी कलते. बाकी काय, हळू चालवायचं. मागून कुणी हॉर्न मारला तर मारू द्यायचा. बेळ्ळंदूरला तर सगळेच मारतात, त्यातला आपल्यासाठी कुठला हे कळतही नाही.

हे काम मला आवडतं, कारण केबिनमध्ये बसून कुणाशी बोलावं लागत नाही. आमच्या घरात वाटणी सरळ आहे. फोन घेणं, भाडं ठरवणं, आरटीओत जाऊन वाद घालणं हे आमच्या ह्यांचं काम. गाडी चालवणं माझं. चामराजपेटेत आमच्या गल्लीत कुणी जेवण झालं का विचारलं तरी मी मान हलवते. शब्द घशापर्यंत येतात आणि तिथं ब्रेक लागतो. लहानपणी शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणायचं तेही शेजारची म्हणायची.

तर त्या दिवशी सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या अपार्टमेंटमध्ये काचा घेऊन आले होते. दिवसा शहरात मोठ्या गाड्यांना बंदी असते, म्हणून उजाडायच्या आत गेटवर येऊन लागले. तिथल्या क्लबहाउसची एक अख्खी भिंत काचेची करायची होती. बारक्या काचा सकाळीच बसल्या. राहिली होती मधली, सगळ्यांत मोठी. तिच्यावर निळी फिल्म चिकटवलेली होती आणि ती घोडीवर एकटीच उभी होती, नवरीसारखी.

गेटवर क्रेननं ती घोडीसकट खाली उतरवून ठेवली. पण क्रेन आत जाऊ शकत नव्हती. या सोसायट्यांमध्ये अंगण दिसतं ते खरं अंगण नसतं. खाली गाड्यांचं पार्किंग असतं आणि आपण त्याच्या छपरावर उभे असतो. त्यावर झाडं लावतात, बाकडी ठेवतात, पण क्रेन चढवली तर क्रेनच पार्किंगला जाईल. म्हणून गेटपासून क्लबहाउसपर्यंत काच माणसांनी हातावर न्यायची.

दहा माणसं लागतात. पाच या बाजूला, पाच त्या बाजूला. प्रत्येकाच्या हातात सक्शन कप, म्हणजे मुठीची रबरी वाटी. काचेवर दाबून खटका ओढला की ती अशी चिकटते की माणूस निघेल, वाटी निघत नाही. काचेच्या खालून दोन जाड पट्टे, ते खांद्यावर. मग चालायचं. सगळ्यांनी एकदम उचलायचं, एकदम पाऊल टाकायचं, एकदम थांबायचं. एक जण जरी मागंपुढं झाला तर काचेला पीळ बसतो. काच वजन सोसते. पीळ सोसत नाही.

फिल्ममुळं पलीकडचा दिसत नाही. पुढच्याची नुसती मान दिसते. म्हणून एक माणूस बाहेर उभा राहून आवाज देतो. बाकीचे दहा त्या आवाजावर चालतात.

या टोळीत आवाज द्यायचं काम बसप्पाअण्णांचं. ते बागलकोटकडचे, टोळीचे मुकादम. त्यांचा आवाज म्हणजे कॅनॉलवर उभं राहून शेतातल्या माणसाला हाक मारायचा आवाज. मला ट्रेलर मागं घ्यायला तेच शिकवत आले. आरशात नुसते त्यांचे हात दिसायचे आणि कानात ‘बरली, बरली, बरली’. कानडीत ‘बरली’ म्हणजे येऊ दे. इथं गाडी मागं घेताना सगळे हेच म्हणतात, ज्यांना कानडी येत नाही तेही.

आणि नेमका त्यांचाच आवाज बसला होता.

त्यांच्या गावात बयलाट होता. बयलाट म्हणजे उघड्या माळावर रात्रभर चालणारं नाटक. बसप्पाअण्णा दर वर्षी त्यात दुर्योधन होतात. या वर्षीचा भीम नवीन होता, जोरात ओरडायचा. अण्णांना ते सहन झालं नाही. पहाटेपर्यंत दोघं एकमेकांवर ओरडत राहिले. भीमानं मांडी फोडली तेव्हा अण्णांचा गळाही फुटला. तसेच बसमध्ये बसून ते साइटवर आले. कानामागं अजून थोडा तांबडा रंग होता. बोलायला गेले की सायकलच्या चाकातून हवा गेल्यासारखं ‘फुस्स’ एवढंच यायचं.

हसायला आलं असतं, पण त्या दिवशी अण्णांचं बरंच काही त्या काचेवर उभं होतं. आजवर ही टोळी दुसऱ्याच्या हाताखाली राबायची. कुणा एजन्सीनं बोलावलं की जायचं, नाही बोलावलं की बसायचं. हे पहिलं काम निखिलसरांनी सरळ अण्णांना दिलं होतं. ही काच नीट बसली तर समोरच्या टॉवर्सचं सगळं काचकाम टोळीचं. नाही बसली तर पुन्हा एजन्सीच्या दारात. ही काच मापानं बनवून आणलेली. फुटली असती तर दुसरी यायला किती आठवडे, कुणालाच माहीत नव्हतं.

निखिलसर नागपूरचे. वयानं लहान, मनानं चांगले. पण त्या वेळी त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“काका, असं कसं जमेल न? तुमचा आवाजच नाही, अन् माझ्या आवाजावर हे लोक उचलत नाहीत.”

अण्णांनी हातानं खूण केली, थांबा. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याकडं गर्दीला सूचना द्यायचा भोंगा होता. तो त्यांनी मागून घेतला, तोंडाला लावला आणि छाती भरून श्वास घेतला. भोंग्यातून जो आवाज आला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. म्हशीला शिंक आली तर तसा येईल कदाचित. बागेतली दोन कुत्री भुंकायला लागली. वरच्या बाल्कनीत कुणाच्या तरी हातातला कप पडला. आणि आमची दहाही माणसं काचेला टेकून पोट धरून हसायला लागली.

“अय्यो, दुर्योधन सत्तोदा!” टोळीतला मल्लू म्हणाला. दुर्योधन मेला!

“हसू नका रे,” निखिलसर म्हणाले आणि स्वतःच हसले. मग गंभीर झाले. “नाही काका. ही रिस्क मी नाही घेऊ शकत. मी तं एजन्सीला फोन लावतो. त्यांची टीम दुपारपर्यंत येईल.”

हसणं तिथल्या तिथं थांबलं. एजन्सीची टीम आली म्हणजे पुढचं काम कुणाकडं जाणार, हे कुणाला सांगायला लागलं नाही. मल्लूनं काचेवरचा सक्शन कप सोडवून खाली ठेवला. अण्णांनी भोंगा परत दिला. मग इकडंतिकडं बघितलं आणि बोट माझ्याकडं केलं.

मी मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

मी जोरात मान हलवली आणि केबिनचं दार उघडलं. रिकामी घोडी परत न्यायची म्हणून मी थांबले होते. आवाज द्यायला नव्हते थांबले. अण्णा चालत आले, पायरीशी उभे राहिले आणि फुसफुसले, “तंगेव्वा.” म्हणजे धाकट्या बहिणी. “गाडी मागं घेताना मी काय म्हणतो?”

“बरली,” मी म्हणाले.

“थांबवायला?”

“होल्ड.”

“हां. आज मी ड्रायव्हर, तू बसप्पा.”

“अण्णा, माझ्याच्यानं नाही होणार. एवढी माणसं बघायलीत.”

खरंच बघत होती. सुट्टीचा दिवस होता. बाल्कन्या भरल्या होत्या. कुणी कॉफी घेऊन, कुणी मोबाइल धरून.

अण्णांनी घसा दाबला आणि मोठ्या कष्टानं म्हणाले, “माणसं बघू नको. टायर बघ.”

“टायर कुठायत?”

त्यांनी खाली बोट दाखवलं. दहा माणसांचे वीस पाय.

मी उतरले. निखिलसर फोन कानाला लावून उभे होते. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

“मॅडम, तुम्ही?”

मी उत्तर दिलं नाही. आवाज जपून ठेवायचा होता, आधीच थोडा होता.

सगळ्यांनी कप लावले, पट्टे खांद्यावर घेतले. मी एका कडेला उभी राहिले, जिथून दोन्ही बाजूंचे पाय दिसत होते. वर बघितलंच नाही. म्हणाले, “उचला.”

कुणी उचललं नाही.

“अक्का, काही बोललीस का?” मल्लूनं पलीकडून विचारलं.

“दीदी, थोडा व्हॉल्यूम!” ओडिशाचा एक जण म्हणाला. पुन्हा हसू पसरलं.

मी पुन्हा म्हणाले. थोडंसं मोठ्यानं निघालं असेल, फार नाही. मग एक गंमत झाली. त्यांना माझा आवाज ऐकू येईना, म्हणून ते गप्प झाले. अण्णा आवाज द्यायचे तेव्हा त्या आवाजाखाली सगळ्यांच्या गप्पा चालायच्या, कुणी तंबाखू मागायचा, कुणी शिव्या द्यायचा. आता दहा जण कान देऊन उभे राहिले. “शू, शू” म्हणत मल्लूनं बाल्कनीवाल्यांनाही गप्प केलं. बाजूला फरशी कापायचं मशिन चालू होतं, निखिलसरांनी ते बंद करायला लावलं. एवढी शांतता सर्जापूर रोडला मी कधी ऐकली नव्हती.

“मी ‘हां’ म्हणते,” मी म्हणाले. “‘हां’लाच उचलायचं. नंतर नाही. हां!”

काच उठली. एका रेषेत, जत्रेत पालखी उठते तशी.

“बरली,” मी म्हणाले. वीस पायांतले दहा पुढं आले. “बरली.” उरलेले दहा. “बरली. बरली.” मला खरंच ट्रेलर दिसायला लागला. पुढचे पाय म्हणजे घोडा, म्हणजे ओढणारं इंजिन. मागचे पाय म्हणजे ट्रेलर. वळणावर पुढचं आधी वळतं आणि मागचं आतून कापत येतं, हे मला झोपेतही कळतं. कोपऱ्यावर झाडांची कुंडी होती, तिथं मी मागच्यांना म्हणाले, “मागचे, स्वल्प बाहेरून. अजून. साक.” साक म्हणजे पुरे. काच कुंडीला हातभर लांब ठेवून वळली. आपोआप झालं म्हणा ना. तोंडातून शब्द बाहेर येत होते आणि मला त्यांची लाज वाटत नव्हती, कारण ते मी माणसांशी बोलतच नव्हते.

आणि तेवढ्यात कुत्रं आलं.

लठ्ठ, पिवळसर, पट्टा सुटलेलं, शेपूट हलवत. त्याला वाटलं हा खेळ आहे. ते सरळ काचेखाली, पायांच्या मधोमध शिरायला निघालं. पुढच्यांना ते दिसतच नव्हतं.

थांबवायला ‘होल्ड’ म्हणायचं. एवढंसं. पण माझ्या डोक्यातून तो शब्द गेला. पूर्ण गेला. मराठी नाही, कानडी नाही, काहीच नाही. मग मी तेच केलं जे आमच्यात सगळे करतात. गाडी मागं घेताना आवाज पोचत नसेल तर बॉडीवर दोन थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे जागच्या जागी उभं राहा, विचारू नको. माझ्या हाताशी एक मोठी काळी गाडी उभी होती. तिच्या बॉनेटवर मी दोन थापा हाणल्या.

दहाही माणसं दगडासारखी उभी राहिली. एक पाय वर असलेला तो पाय वरच ठेवून थांबला.

आणि गाडीचा अलार्म वाजायला लागला.

पों पों पों पों. दिवे लागतायत, विझतायत. कुत्रं घाबरून पुढच्या मल्लूच्या पायाशी आडवं पडलं. बाल्कनीतून कुणी ओरडलं, “हे! माय कार!” दुसऱ्या बाल्कनीतून, “सिम्बा! सिम्बा, कम हिअर!” निखिलसर गाडीकडं पळाले, गाडीला काय करायचं ते कळेना म्हणून परत फिरले. दहा माणसांच्या खांद्यावर एवढं वजन आणि पाऊल हलवायची सोय नाही. मल्लूच्या हाताच्या शिरा मला दिसत होत्या. फार वेळ नव्हता.

बसप्पाअण्णा कुत्र्याकडं धावले. दुर्योधनानं त्याला उचलून कडेवर घेतलं. कुत्र्यानं त्यांचा कानामागचा रंग चाटला. वाट मोकळी झाली. पण अलार्म चालूच. माझा तो बारका आवाज आता कुणाला ऐकू येणार?

तेव्हा माझ्या पोटातून काहीतरी निघालं.

“बरलीऽऽऽ!”

माझाच होता तो. मी स्वतः दचकले. आमच्या ह्यांनी चामराजपेटेत ऐकला असेल. दहा पाय पुढं पडले. “बरलीऽऽ!” दुसरे दहा. अलार्म ओरडत होता, मी त्याच्यावर ओरडत होते. वरून गाडीवाल्यानं बटण दाबून तो बंद केला तरी मी त्याच पट्टीत ओरडत राहिले, कारण मला ते थांबवता येईना. आणि खरं सांगायचं तर थांबवायचंही नव्हतं. आनंद होत होता. घाटात उतारावर गाडी मोकळी धावते ना, तसं काहीतरी गळ्यात झालं होतं.

“मेले! हां! मुंदे, स्वल्प मुंदे! मल्लू, तुझा कोपरा खाली आहे, तुला सांगतेय! अजून! अजून! साक!” कानडीत ‘मेले’ म्हणजे वर आणि ‘मुंदे’ म्हणजे पुढं.

भिंतीच्या चौकटीत खाली रबराचे ठोकळे ठेवलेले असतात. काच त्यांच्यावर बसायला लागते, धातूला लागून चालत नाही. वरची कड आधी आत, मग खालची. ती टेकली तेव्हा मऊ ‘थप्’ झालं, कणकेचा गोळा परातीत पडतो तसं. निखिलसरांनी लेव्हल लावून बघितली. दोनदा बघितली. मग आमच्याकडं वळून म्हणाले, “सरी.” कानडीत म्हणजे बरोबर. नागपूरच्या माणसाच्या तोंडून ‘सरी’ ऐकून टोळीनं शिट्ट्या मारल्या.

बाल्कन्यांमधून टाळ्या आल्या. मग मात्र मला आठवलं की माणसं आहेत. मी केबिनमध्ये जाऊन खिडकीची काच वर केली.

थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. एक बाई होत्या, हातात प्लेटभर केक आणि काखेत तो कुत्रा. “काकू, अ‍ॅक्च्युअली सॉरी हं, सिम्बा माझाच आहे. तुम्ही मराठी? आम्ही पुण्याचे! तुम्ही काय अमेझिंग ओरडता हो!”

आयुष्यात माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी केक घेतला आणि मान हलवली.

काळ्या गाडीचे मालक खाली आले, बॉनेटवरून हात फिरवला, काही लागलेलं नव्हतं. “भारी अलार्म आहे सर,” मल्लू त्यांना म्हणाला. ते हसले आणि काचेपुढं उभं राहून त्यांनी गाडीचा नाही, काचेचा फोटो काढला.

निखिलसरांनी त्याच संध्याकाळी समोरच्या टॉवर्सचं काम बसप्पाअण्णांना दिलं. अण्णांनी हात जोडले, बोलायला तोंड उघडलं, ‘फुस्स’ झालं, पुन्हा सगळे हसले. मग अण्णांनी निखिलसरांच्या मोबाइलवर बोटानं एक एक अक्षर शोधून काहीतरी लिहिलं. सरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, “आवाज अक्का देणार.”

मी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. मग मल्लूनं व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो जेवताना बघितला, जेवण झाल्यावर बघितला आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत फिरून सगळ्यांना दाखवला. आता फोनवर गिऱ्हाइकांना सांगतात, “ट्रेलर आहे, घोडी आहे, आणि आवाजसुद्धा आहे.”

अण्णांचा गळा आठवडाभरात सुटला. पण मोठी काच असली की ते एका बाजूला चहा घेऊन बसतात आणि मला पुढं करतात. मी म्हणते, “अण्णा, आता तुमचा आवाज आला की.” ते म्हणतात, “तुझा जास्त लांब जातो, तंगेव्वा. मला म्हाताऱ्याला कशाला त्रास?” आणि बिस्कीट बुडवतात.

आता गाडी चालवायची, पट्टे आवळायचे, घोडी सांभाळायची, आणि वर ओरडायचंही. यातून मी एवढंच शिकले: एखादं काम आपल्याला येतं हे चारचौघांना कळू देऊ नये. एकदा कळलं की ते काम जन्माचं आपलंच होतं.

मी मात्र उद्याच्या काचेसाठी आजच मध आणि मिरे आणून ठेवलेत.